नातवाचा दुसरा रिपोर्ट

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळा जन्म मिठागरात.

मुलीला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगा झाला. महिन्याभरात त्याला जुलाब लागले ते थांबेचनात. अंगावर चट्टे, रक्तात साखर. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याची जनुकं तपासायला पाठवली. पहिला रिपोर्ट आला. ज्याचा संशय होता ते जनुक साफ. मी ‘साफ’ तेवढं ऐकलं आणि भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगीत दारोदार पेढे वाटले.

बायको म्हणाली, "आवं, पोराचे जुलाब तर हायतच."

"तू गप. रिपोर्टात लिवलंय."

दुसऱ्या रिपोर्टाला बाईंनी मुलीला, बायकोला आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, "काका, शरीरात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. त्या आवरणाऱ्या पेशी ज्या जनुकावर चालतात ते चांगलंय. पण त्याला चालू ठेवणारा शेजारचा तुकडा बिघडलाय. बल्ब ठीक, बटण खराब. म्हणून लढणाऱ्या पेशी बाळाचंच आतडं खातायत."

"मग बटण बदला."

"तसं नाही करता येत. दुसऱ्याची अस्थिमज्जा घालून बघतात, पण जुळणारं कोणी मिळालं नाही. आणि बाळात तेवढी ताकद उरली नाही." मग हळूच विचारलं, "हा बिघाड आईकडून मुलाला येतो, आईला स्वतःला काही होत नाही. तुमच्यात तान्हे मुलगे गेलेत का?"

आमच्या घरात असलं काही नाही, असं मी ठणकावून सांगणार, तोच बायको बोलली. "माझे दोन गेले. दोनी पोरगेच. असेच हगून हगून."

आम्ही इतकी वर्षं दृष्ट म्हणत होतो. कोणाचा दोष नाही म्हणत बाईंनी, बिघाड तिच्याकडून आलाय का ते बघायला, बायकोचं रक्त तपासायला सांगितलं.

घरी आल्यावर ती नातवाला घेईना. मुलीनं पुढं केला तर हिनं हात पदराखाली घेतले. "माझंच इख हाय त्याच्यात."

मी ओरडलो, "बाई म्हणाल्या ना, कोणाचा दोष नाही म्हणून!"

"मंग सुई मलाच कशाला टोचतात?"

पोर रडत होतं, मुलगी रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं तिला लॅबमध्ये नेलं. ती खुर्चीत बसायच्या आत मी बसलो, बाही वर केली.

सुईवाली पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचं नाय पाहिजे, आजींचं पाहिजे. तुमच्याकडनं येतच नाय ते."

"आधी माझं काढ," म्हटलं, आणि माझी बाटली भरेपर्यंत उठलो नाही.