कोरा पट्टा

योशिनोचं नाव निघालं की अजून माझ्या पोटात दुखतं. हसू नकोस गं मिओ, लिही. सत्तर वर्षांपासूनची मैत्रीण आहे ती माझी, आणि सत्तर वर्षं मी तिच्यावर जळतेय. दोन्ही खरं आहे.

आम्ही दोघी वाळूकाठच्या गावातल्या. शाळा अर्धीमुर्धी, पाठीवर धाकटं भावंड बांधून केलेली. मग कांदे. लोणच्याच्या बारक्या कांद्यांच्या मुळ्या-शेंड्या कापायचं काम होतं. उभ्या पात्याशी कांदा न्यायचा, खट् खट्, टोपलीत टाकायचा. माझी एक टोपली भरेपर्यंत हिची दीड, आणि वर गाणं म्हणत. बोट कधी कापलं नाही बयेचं. माझ्या बोटांवर बघ, तीन खुणा. नवराही तिला मिळाला टोफूवाला, हसरा, बोलका. तुझे आजोबा देवमाणूस, पण दिवसाला चार शब्द, त्यातले दोन 'चहा' आणि 'आंघोळ'.

एकाच गोष्टीत मी तिच्या वर होते. गेटबॉल.

देवळामागच्या मैदानावर आमचा पाच जणांचा संघ. कप्तान ओकुमुरा-सान, निवृत्त पोस्टमन. रॉकेलच्या दुकानाची जोडी, नवरा-बायको. मी. आणि योशिनो. लांब दांड्याच्या मोगरीनं बॉल मारायचा आणि तारेच्या कमानीतून काढायचा. पहिली कमान चुकली की बॉल उचलून बाहेर, पुढची पाळी येईपर्यंत बसा हात चोळत. म्हणून पहिला बॉल मारायचा मान मोठा. तो अकरा वर्षं माझा होता.

योशिनोला मीच आणली होती संघात. नवरा गेला आणि तिचा उजवा हात थरथरायला लागला. टोफूची वडी सरळ कापता येईना, तेव्हा दुकान बंद केलं. आम्हाला पाचवा माणूस हवा होता. तिचा बॉल कमानीच्या डावीकडून जायचा नाहीतर उजवीकडून, मधून म्हणून नाही. आणि मी म्हणायचे, "होतं गं, होतं." इतकं गोड मी जन्मात कधी बोलले नव्हते.

मग तो मनगटाचे पट्टे विकणारा आला.

समाजमंदिरात फुकट चहा आहे म्हटल्यावर आम्ही सगळे गेलो. कोट घातलेला, दात पांढरेशुभ्र. त्यानं योशिनोलाच उठवलं. "आजी, एका पायावर उभ्या राहा, हात बाजूला पसरा." हातावर जरासं दाबलं, ही कोलमडली. मग मनगटावर काळा रबरी पट्टा चढवला, मध्ये चकचकीत टिकली. परत दाबलं. ही खांबासारखी उभी!

"मोठमोठे खेळाडू घालतात," तो म्हणाला. "अंगातला तोल जागेवर येतो."

"तोल राहू दे," रॉकेलवाला म्हणाला, "आमच्या हिचं तोंड जागेवर येईल असा पट्टा आहे का?"

"तुमचं दुकान जागेवर आणा आधी," त्याची बायको म्हणाली.

सगळे हसले. योशिनो हसली नाही. ती मनगटाकडे बघत होती. तिनं पट्टा घेतला.

पुढच्या सोमवारी तिनं पहिली कमान दहापैकी दहा वेळा काढली. हात दगडासारखा स्थिर. ओकुमुरा-सान टोपी काढून डोकं खाजवत माझ्याकडे आले. "हात्सुए-सान, जिल्ह्याच्या सामन्यात पहिला बॉल योशिनो-सानना देऊ या का? तुम्ही पाचवा घ्या. पाचवाही महत्त्वाचाच."

"घेते की," म्हटलं. घरी येऊन मुळा असा चिरला की तुझी आई म्हणाली, "आई, त्या मुळ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

मला झोप कशी यावी? त्या पट्टेवाल्याचा हात डोळ्यांसमोरून जाईना. मी बाजूला बसले होते ना, मला दिसलं होतं. आयुष्यभर हातांकडेच बघत आले मी. पहिल्या वेळी त्यानं हात खाली दाबता दाबता बाहेर ओढला होता, दुसऱ्या वेळी आत, तिच्या पायाकडे. तुझ्या आईला अंगणात एका पायावर उभी करून मी दहा वेळा करून बघितलं. बाहेर ओढलं की पडते, आत दाबलं की उभी. पट्टा असो नसो.

सरावानंतरच्या चहाला मी पिशवीतल्या पालकाच्या जुडीचं पिवळं रबर काढलं. "ओकुमुरा-सान, उभे राहा जरा." त्यांना पाडलं. मग ते रबर त्यांच्या मनगटाला चढवलं आणि दाबलं. कप्तान उभेच्या उभे!

"अरे वा!" रॉकेलवाला ओरडला. "पालकात भलताच जोर!"

हसून हसून चहा सांडला सगळ्यांचा. मी युक्ती फोडून सांगितली, हळूहळू, चवीनं. योशिनोनं बाही ओढून पट्टा झाकला.

त्या गुरुवारी तिचा बॉल कमानीच्या हातभर बाहेरून गेला. हात पुन्हा थरथरत होता, आधीपेक्षा जास्त. पहिला बॉल मला परत मिळाला. मला वाईट वाटलं असं लिहू नकोस, खोटं होईल. त्या दिवशी मी येताना मासा आणला होता, अख्खा.

पण सोमवारी ती आलीच नाही. गुरुवारीही नाही. ओकुमुरा-सान म्हणाले, "सामना दहा दिवसांवर आलाय. चार जणांत संघ होत नाही. नाव मागे घ्यावं लागेल." मग माझ्याकडे बघितलं. रॉकेलवाल्यांनी दोघांनीही बघितलं.

लोणच्याची बरणी घेऊन मी तिच्या दारात गेले. तिनं आत घेतलं, चहा ओतला. अर्धा कपात, अर्धा बशीत. दोघींनी तिकडे बघायचं टाळलं.

"ये गं खेळायला," म्हटलं.

"कशाला? चुकायला? तुला 'होतं गं' म्हणता यावं म्हणून?"

म्हणजे सगळं कळत होतं तिला, इतकी वर्षं.

"खोट्या गोष्टीच्या नादी लागली होतीस म्हणून मी…"

"हात्सु," ती म्हणाली, "माझा हात थांबला होता. तो तर खोटा नव्हता ना?"

मी पिशवीत हात घातला आणि जुन्या कापडात गुंडाळलेली वस्तू तिच्यापुढे ठेवली. तसाच काळा पट्टा. तशीच टिकली.

"हे काय?"

"माझा. तू घेतलास त्याच संध्याकाळी मी त्या पट्टेवाल्याला स्टेशनवर गाठलं. तांदळाच्या डब्यात लपवला होता. आठ दिवस बाहीच्या आत घालून खेळले. काही नाही झालं. एका केसाचा फरक नाही. तुझ्यावर चालतो आणि माझ्यावर नाही! कांदे तुला, नवरा तुला, आणि साधं फसायचं म्हटलं तर तेही तुलाच जमतं!"

योशिनो माझ्याकडे बघत राहिली. आणि मग हसायला लागली. नवरा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, चटईवर थापा मारतेय.

"दे इकडे तो."

"अगं, पण आता तुला माहीत आहे ना, काही नाही त्यात."

"तुझ्यावर चालला नाही म्हणतेस ना? म्हणजे त्यातलं काही खर्चच झालं नाही. कोरा आहे अजून." तिनं पट्टा चढवला, चहाची किटली उचलली आणि माझा कप भरला. काठापर्यंत. एक थेंब बाहेर नाही.

मी किटलीकडे बघत होते, ती माझ्याकडे. "बघ," म्हणाली, "जळतेयस."

"जळतेय तर."

सामन्याच्या दिवशी ओकुमुरा-साननी विचारलं, पहिला बॉल कोणाचा? त्यांना वाटलं मी मागणार. मला घ्यायचाच होता. पण रेघेवर उभी योशिनो मनगटावरचा पट्टा बोटानं फिरवत होती, जसं लग्नाच्या आधी नवऱ्याचं पत्र आलं की पाकीट फिरवायची. मी म्हटलं, "तिचा." एवढा एक शब्द काढणं मला किती जड गेलं ते तुझ्या आजोबांनाच कळलं असतं.

तिचा बॉल कमानीच्या बरोब्बर मधून गेला. पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो, आणि तोही माझ्या पाचव्या बॉलमुळे. "होतं गं, होतं," योशिनो म्हणाली. इतक्या गोड आवाजात की मोगरीच घालावी डोक्यात.

आता ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहे, नव्वदीला आली. तिथे रिंगा फेकायचा खेळ असतो, आणि पहिली येते म्हणे. परवा मी भेटायला गेले तर पट्टा अजून हातातच होता. टिकली पडलीय, रबराला भेगा गेल्यात.

"माझा पट्टा दे आता," म्हटलं.

"संपू दे की आधी," म्हणाली.