आत्यांचा बिनकामाचा जावई

पदर कमरेला खोचायचा, खराट्याचा बुडखा जमिनीवर दोनदा आपटायचा आणि खांबाकडे मान वर करून म्हणायचं, "चला जावईबापू, निगू या." आत्यांचा दिवस असा सुरू व्हायचा.

जावईबापू म्हणजे कॅमेरा. कामथडीजवळ, हायवेला लागून असलेल्या एका दूध डेअरीत मी तेव्हा कारकून होतो. आत्या आवार झाडायला विंझरहून जीपने यायच्या. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरचे ते दिवस. मालकांनी आवाराच्या मधोमध खांब रोवून त्यावर मोटारीवर फिरणारा कॅमेरा बसवला. काही हललं की तो आपोआप तिकडे वळायचा आणि हलणाऱ्याच्या मागे मागे मान फिरवत राहायचा. आता तुम्हीच सांगा, दिवसभर आवारात सगळ्यांत जास्त कोण हलणार?

पहिल्याच दिवशी आत्यांच्या ध्यानात आलं. त्या डावीकडे गेल्या, कॅमेरा डावीकडे. उजवीकडे गेल्या, तो उजवीकडे. खराटा टेकवून त्या मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यो तर माजा जावईच. काम न्हाई, धंदा न्हाई, उंचावर बसून सासू काय करती त्ये बगायचं."

मग त्याची चेष्टा सुरू झाली. एकदा त्यांनी खांबाभोवती भराभर पाच फेऱ्या मारल्या. मी विचारलं, "आत्या, नवस फेडताय का?"

"न्हाई रं. त्याच्या मानंला पीळ पडतो का, बगती."

पीळ काही पडला नाही. आत्यांनाच गरगरलं आणि त्या पायरीवर बसल्या. जावईही त्यांच्याकडे बघत थांबला.

पावसाळा सरता सरता गोदामातून तुपाचे डबे जायला लागले. आठवड्याला एक, कधी दोन. आमच्या साहेबांनी, म्हणजे डेअरीच्या मॅनेजरांनी, कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं बघितलं. त्यात एकच माणूस. गोदामापुढे आत्या, टाकीपुढे आत्या, नळापुढे आत्या. संध्याकाळी फाटकावर त्यांची पिशवी तपासायचा हुकूम झाला. वॉचमनने ती सगळ्यांसमोर ओट्यावर पालथी केली. भाकरीचं फडकं, मिश्रीची डबी, दात पडलेला कंगवा. आत्यांनी एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी खांबाकडे मान वर न करताच त्या झाडायला लागल्या.

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, मी दिसती म्हंजी मी चोर. आन् जो दिसतच न्हाई, त्यो?"

मी पेन खाली ठेवलं.

"तुला गाडी ढकलता येती का?"

त्यांनी बेत सांगितला. नोकरी नवी होती. पण ओट्यावरचा तो कंगवा मीही पाहिला होता. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आत्या थेट साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, तुमी टीव्हीम्होरं बसा. मी झाडती. मी काय चोरती त्ये नीट बगा. डोळ्याला डोळा लावू नका."

साहेब चक्रावले, पण बसले. आत्यांनी टाकीच्या बाजूला झाडायला सुरुवात केली. मग खराटा खांद्यावर टाकून दोन उड्या मारल्या, एक गिरकी घेतली, अन् खराट्यालाच जोडीदार करून फुगडी धरली. साठीच्या बाईची फुगडी. साहेब तोंडावर रुमाल धरून हसत होते आणि कॅमेरा आत्यांना क्षणभरही सोडत नव्हता. तेवढ्या वेळात मी गोदामाशेजारच्या शेडमधली साहेबांची नवी मोटारसायकल ढकलत ढकलत, वॉचमनला पंक्चर झाल्याचं सांगून, फाटकाबाहेर काढली आणि चहाच्या टपरीच्या मागे उभी केली.

धापा टाकत आत्या केबिनमध्ये परतल्या. "काय चोरलं म्या?"

"काही नाही."

"आन् तुमची गाडी कुठं हाय?"

साहेब खिडकीपाशी गेले. मग शेडपर्यंत गेले. परत येऊन त्यांनी सगळं पुन्हा लावून बघितलं. पडद्यावर फुगडीच फुगडी.

"माज्यावर डोळा ठिवला की बाकीचं रान मोकळं," आत्या म्हणाल्या. "आता इचारा, रोज टेम्पो भरायच्या टायमाला मला टाकीकडं झाडायला कोण धाडतं."

साहेबांना विचारायची गरज पडली नाही. माल भरून घेणारे सुपरवायझर रोज त्याच वेळी हाक मारायचे, "आत्या, टाकीकडं जरा हात फिरवा." ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमधून कॅमेरा गोदामाच्या दारावर रोखून ठेवला. नेहमीची हाक आली. आत्या मुकाट टाकीकडे गेल्या. सुपरवायझरांनी रिकाम्या पोत्यांखाली तुपाचा डबा सरकवला आणि या वेळी ते स्वच्छ दिसले. दुपारी त्यांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवलं.

साहेबांनी आत्यांना आत बोलावून चूक झाल्याचं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "हितं नगं. पिशवी भाईर वतली व्हती."

साहेब बाहेर आले. त्याच ओट्यापाशी, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणाले, "आत्या, माझं चुकलं." आवारात कोणी हलेना. आत्यांचे डोळे भरले, पण ते दिसू नये म्हणून त्यांनी खालमानेने पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "व्हय, चुकलं. आता च्या सांगा. आन् टपरीमागनं गाडी तेवढी आत घ्या, काल कोंबडी बसली व्हती सीटवर." गाडी आदल्या दिवशीच आत आली होती. तरी साहेब सीट बघून आले.

पुढे तीनेक वर्षं आत्या होत्या. मग गुडघे धरले आणि त्या विंझरलाच राहिल्या. माझ्या लग्नाला भोरला आल्या होत्या. बायकोच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, ती अजून सांगत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांचा मुलगा डेअरीत आला. आत्या जाऊन बारा दिवस झाले होते. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात एकही नव्हता. "हितल्या कॅमेऱ्यात आई घावंल का?" त्याने विचारलं. मी यंत्र उघडून बघितलं. पंधरा दिवसांपलीकडचं काही त्यात राहत नसे. नव्या झाडूवाल्या बाई होत्या, कावळे होते.

शेवटी मतदान कार्ड घेऊन आम्ही दोघे भोरला फोटो स्टुडिओत गेलो. कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करत करत स्टुडिओवाल्याने विचारलं, "कुंकू जरा मोठं करू का? उठून दिसेल."

मुलगा पडद्याकडे वाकला. "नगं," तो म्हणाला. "आई बारीकच लावायची."