आमच्या शेततळ्यात समुद्राची होडी

सगळ्यात आधी शेजारची कौशल्या धावत आली बाप्पा, हातच्या कणकेसकट! मंग अर्धं रामाकोना गाव आमच्या शेततळ्यावर जमलं.

माही नात पिंकी अन् तिचा नवरा, आमचे जावईबापू, चिंचोळी होडी घेऊन आले ना. कयाक म्हणतात तिले. आता दोघंही पहिल्यांदाच समुद्रात जाऊन राहिले.

पिंकीनं फुगीर जाकीट घातलं, तळ्याच्या मधात गेली अन् मुद्दाम होडी उलटी केली! मी बोंबलली, "पोरगी गेली वं!"

तं ते वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यावानी वर! हासून राहिली. "आजी, समुद्रात उलटलो तं काय करायचं, ते इथंच शिकून राहिली मी." अन् परत चढली होडीत.

जावईबापू म्हणते, "मले जाकीट कायले? मले पोहता येते."

मी म्हटलं, "बापू, आमची पोरं विहिरीत शिकतात तं कमरेले वाळला तुंबा बांधतात. विहिरीचा काठ तं हाताशी असते. समुद्राले काठ कुठी?"

कौशल्या म्हणे, "घाला जी, नाहीतं आजी तुंबाच बांधन!"

बापूनं घातलं जाकीट.

तुमची लेकरं समुद्रावर निघाली तं जाकिटाचं विचारता ना?

दोघं उद्या निघते. संक्रांतीले परत येतो म्हणाले.