भाऊसाहेबांचे अठ्ठावीस दात आणि लाल गोळी

“सगळे काढा,” भाऊसाहेब म्हणाले. “एक बी ठेवू नका.”

ते खुर्चीत आडवे होते. तोंडात माझा आरसा होता. त्यामुळं हे वाक्य मला तीनदा ऐकावं लागलं. तिसऱ्या वेळी त्यांनी आरसा हातानं बाजूला सारला आणि उठून बसले.

“सगळे म्हणजे?” मी विचारलं.

“सगळे म्हणजे समदे. कवळी बसवा. मोकळं करा एकदाचं.”

वय पन्नास. हर्सूलच्या पुढं मळा, शहरात एका सहकारी संस्थेत नोकरी. तोंडात अठ्ठावीस दात आणि त्यातला एकही किडलेला नाही. इतके चांगले दात काढायला सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“का काढायचे?”

“रगत येतंय. भाकरी चावली की रगत, चूळ भरली की रगत. खालचे चार हलत्यात. पोरीचं जमत आलंय. लग्नात माणसं भेटायला येतील, तव्हा मी काय तोंडाला रुमाल लावून फिरू?”

“दात कशानं घासता?”

“राखुंडीनं. पण दोन वर्षं झाली, हिरडीला हात लावत नाय. लावलं की रगत येतं.”

रोग कुठं आहे ते त्यांनीच सांगून टाकलं होतं. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो जंतूंचा असतो, आणि दाताच्याच रंगाचा असल्यामुळं दिसत नाही. काही दिवस तो तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचा दगड होतो. तो टार्टर. टार्टर ब्रशनं निघत नाही, यंत्रानं काढावा लागतो. त्या काढण्याला स्केलिंग म्हणतात. काढला नाही तर हिरडी सुजते, जरा लागलं की रक्त येतं. माणूस घाबरून तिथं घासणं सोडतो, थर आणखी वाढतो. शेवटी दाताखालचं हाड झिजतं आणि चांगलाभला दात हलायला लागतो.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “मग कधी काढता?”

मी तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात असिस्टंट होते. डिग्री घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दवाखाना सरांचा. सरांचा हात इतका हलका की दात निघाल्यावर पेशंट विचारायचे, “सुरू कधी करणार?” लांबलांबून माणसं केवळ दात काढून घ्यायला त्यांच्याकडं यायची. साफ करून घ्यायला कुणीच यायचं नाही. स्केलिंगचं मशीन कोपऱ्यात होतं. त्यावर शोभाताई, म्हणजे आमच्या रिसेप्शनिस्ट, आपली पर्स ठेवायच्या.

मी आत जाऊन सरांना विचारलं.

“पेशंट काय म्हणतोय?”

“सगळे काढा म्हणतोय, सर. पण काढण्यासारखी एकच दाढ आहे, तिच्याखालचं हाड पार झिजलंय. बाकीचे वाचतील.”

“हलतायत ना?”

“हिरड्या सुजल्यात म्हणून जास्त हलतायत. शुगर तपासून घेते. ती ठीक असेल तर दीड महिना द्या मला.”

“आणि नाही वाचले तर?”

“तर मी काढते.”

“तूच काढायचे. कवळीची मापंही तूच घ्यायची. आणि दीड महिना वाया का गेला, तेही त्यांना तूच सांगायचं.”

मी हो म्हणाले.

शुगर नॉर्मल निघाली. ती एक दाढ काढली. मग चार बैठकांत स्केलिंग केलं, हिरडीच्या आतपर्यंत. पहिल्या दिवशी टार्टरचा एक मोठा तुकडा निघाला, तो मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नखानं खरवडून बघितला.

“हे माझ्या तोंडात व्हतं?”

“गेली कित्येक वर्षं.”

“हे तर विहिरीतून निघतं तसलं हाय!”

त्यांनी तो कागदात बांधून घरी नेला. बायकोला दाखवायला.

आता खरा प्रश्न घरचा होता. मी साफ केलेलं ते रोज साफ ठेवणार का? मऊ ब्रश दिला. हिरडी आणि दात जिथं भेटतात तिथं तिरका धरून हलके कसा फिरवायचा ते शिकवलं. पहिल्या आठवड्यात रक्त येईल, घाबरायचं नाही, तिथंच हळूच घासायचं, असंही सांगितलं. ते मान डोलवत होते. मान डोलवणारा पेशंट घरी जाऊन काहीही करत नाही, एवढं दीड वर्षात मला कळलं होतं. म्हणून मी कपाटातून लाल गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या.

ही गोळी म्हणजे औषध नव्हे, नुसता रंग. दात घासल्यावर चावायची, तोंडभर फिरवायची, थुंकायची, चूळ भरायची. जिथं प्लाक राहिलाय तिथं लाल रंग चिकटतो. आरशात बघून तेवढं परत घासलं की झालं.

“म्हणजे चोर पकडायची गोळी,” भाऊसाहेब म्हणाले.

“अगदी. आठवड्यातून एकदा. घरातल्या कुणी घेतली तरी चालेल.”

इथं माझी चूक झाली. दातांवरचा रंग ब्रशनं जातो, पण जिभेवरचा आणि ओठांवरचा लगेच जात नाही. दोन-चार तास राहतो. कॉलेजमध्ये हे आम्ही एकमेकांवर करून बघितलं होतं, मला चांगलं माहीत होतं. सांगायचं राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी दवाखान्यात फोन वाजला. शोभाताईंनी माझ्याकडं दिला.

“डॉक्टरबाई, मी रेखा. भाऊसाहेबांची मुलगी.” आवाज चमत्कारिक येत होता. रडतेय की काय, असं वाटलं. मग कळलं, हसू दाबतेय. “त्या गोळीचं लाल कशानं जातं?”

“जाईल आपोआप. कुणी घेतलीय?”

“चौदा जणांनी.”

मी तिला पहिल्यापासून सांगायला लावलं.

झालं होतं असं. त्या दिवशी रेखाला पक्कं करायला मुलाकडचे येणार होते. भाऊसाहेबांच्या हिरड्यांचं रक्त थांबलं होतं. दोन वर्षांनी चूळ पांढरी पडली, त्या आनंदात त्यांनी ठरवलं की पाहुण्यांसमोर आख्ख्या घराची तोंडं लख्ख पाहिजेत. सकाळी सगळ्यांना ओळीत उभं केलं, भाऊ, भावजया, चुलते, सगळ्यांना, आणि एकेक गोळी वाटली. पाहुणे अकराला यायचे होते. नऊलाच आले.

“आता ते ओट्यावर बसलेत,” रेखा म्हणाली. “आमच्याकडचं कुणी तोंडच उघडंना. दादा, म्हणजे आमचे वडील, नुसती मान हलवतायत. तुम्ही या ना. मुलाचे वडील आता उठतीलच असं वाटायलंय.”

मी सरांकडं गेले. “सर, इमर्जन्सी आहे. जावं लागेल.”

“किती पेशंट?”

“चौदा. एकाच घरात.”

सरांनी पेपर खाली ठेवला. “काय केलंस तू?”

“आल्यावर सांगते.”

लूना काढली आणि हर्सूलचा रस्ता धरला. वाटेत मी दोनदा हसले आणि लगेच मला रडू आलं. मुलीचं लग्न मोडलं तर? दात वाचवायला गेले आणि सोयरिक घालवली, असं सरांना सांगायचं?

ओट्यावरचं दृश्य मी अजून विसरले नाही. एका बाजूला सतरंजीवर सहा पाहुणे. मधोमध मुलाचे वडील. पैठणकडचे, रिटायर्ड हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शेजारी मुलाची आत्या. समोर भाऊसाहेब, तोंडावर टॉवेल. त्यांच्या पत्नीच्या तोंडावर पदर. दोघे भाऊ ओठ घट्ट मिटून, जणू फोटोला बसलेत. बाजूच्या खाटेवर एक म्हातारे चुलते झोपले होते. झोपेत त्यांचं तोंड सताड उघडलं होतं आणि आतून लालभडक जीभ दिसत होती.

गुरुजी तिकडंच बघत होते.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “आम्ही यायच्या आधीच विडे खाऊन घेतले व्हय? इथं आम्हाला साधं पाणी विचारणारं कुणी नाय. आमचं काही चुकलं का?”

भाऊसाहेबांनी टॉवेलमागून जोरात मान हलवली.

मी पुढं झाले. नमस्कार केला. “मी यांची दातांची डॉक्टर. चूक माझी आहे.” आणि मग प्लाक, टार्टर, गोळी, रंग, सगळं एका दमात सांगितलं. घाई इतकी की मध्ये श्वास घ्यायचं विसरले.

गुरुजींनी चष्मा पुसला. “म्हणजे ह्यांनी आधी दात घासले, आन् मग लाल केले?”

“व्हय,” भाऊसाहेब टॉवेल काढून म्हणाले. दात पांढरे, पण ओठ, जीभ, सगळं शेंदरासारखं. “तुमच्यासाठी!”

तेवढ्यात आतून ‘फुस्स’ असा आवाज आला. दाराआड रेखा उभी होती. सकाळपासून दाबलेलं हसू आता तिला आवरेना. ती दाराला धरून खाली बसली आणि खदाखदा हसत सुटली, लाल जीभ आणि पांढरे दात सगळ्यांना दाखवत. तिच्या आईनं “अगं ए!” म्हणून पदर सोडला, तर आईची जीभ तिच्याहून लाल. मुलगा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं एकदा वर बघितलं आणि तोही फुटला.

“हसू द्या तिला,” आत्या म्हणाल्या. “पोरी बघायला गेलं की समद्या खाली मुंडी घालून बसत्यात. हिचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसले, लई बरं झालं.”

गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांना मुद्दा पटला नव्हता. “चाळीस वर्षं रोज प्रार्थनेला मुलांचे दात तपासलेत मी,” ते म्हणाले. “माझ्या दातावर लाल राहायचं नाय. द्या एक गोळी.”

“गुरुजी, राहू द्या,” मी म्हणाले.

“द्या म्हणतो ना!”

त्यांनी गोळी चावली, वर्गात शिकवल्यासारखी तोंडभर फिरवली, अंगणात जाऊन चूळ भरली, आणि आत्यांसमोर तोंड उघडलं. पुढचे दात खरंच स्वच्छ होते. पण खालच्या दातांची आतली बाजू, दाढांच्या मागचा भाग, हिरडीची कड, सगळीकडं डाळिंब फोडल्यासारखं.

“दादा,” आत्या म्हणाल्या, “प्रार्थनेला तुमचे दात कुणी तपासत नव्हतं का?”

मग कुणालाच धरबंध राहिला नाही. आत्यांना हसून हसून ठसका लागला. त्यांच्या पाठीवर थापट्या मारता मारता भाऊसाहेबांच्या पत्नी स्वतःच भिंतीला टेकल्या. खाटेवरचे चुलते दचकून उठले आणि “जमलं का? जमलं का?” विचारायला लागले. गुरुजींनी आरसा मागवला, बराच वेळ आत बघितलं, आणि शेवटी तेही हसले, आणि हसले ते थांबेचनात. बाकीच्या पाच पाहुण्यांनी आपणहून गोळ्या मागितल्या. उरलेल्या सहापैकी गुरुजींची एक आणि ह्यांच्या पाच, पट्ट्या संपल्या.

धाकटे बंधू मोटारसायकलवर जाऊन पाहुण्यांसाठी नवे ब्रश घेऊन आले. मळ्यातल्या हौदाभोवती वीस माणसं गोल उभी राहिली आणि मी मध्ये. “तिरका धरा. जोर नको. आतली बाजू विसरू नका, गुरुजी.” आयुष्यात इतकं लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला पुन्हा मिळाला नाही. त्यानंतर जेवणं झाली, आणि लाल जिभांनीच लग्नाची तारीख ठरली.

दुपारी दवाखान्यात परतले. सरांना सांगितलं. त्यांनी चेहरा अजिबात न हलवता ऐकलं आणि “बरं” म्हणून आतल्या खोलीत गेले. दार लावलं. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. शोभाताई म्हणाल्या, “सर हसतायत. अकरा वर्षांत पहिल्यांदा.”

दीड महिन्यानं भाऊसाहेब तपासायला आले. हिरड्या गुलाबी, घट्ट. सरांनी स्वतः आरशाच्या दांड्यानं एकेक दात हलवून बघितला. खालच्या चारपैकी तीन जागचे हलेनात. चौथा थोडा हलत होता. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही, हेही खरं. पण तोही राहिला. सत्तावीसच्या सत्तावीस राहिले.

“दर सहा महिन्यांनी दाखवायचं,” सर त्यांना म्हणाले. “ह्या मॅडमना.” आणि जाता जाता शोभाताईंना म्हणाले, “त्या मशीनवरची पर्स काढा.”

पुढच्या वर्षभरात हर्सूलकडून आणि पैठणकडून इतकी माणसं ‘चोर पकडायची गोळी’ मागायला आली की मला वेगळा दिवस ठेवावा लागला. दात दुखत नसताना आलेले आमचे ते पहिले पेशंट. त्यांना मी भाषण दिलं नाही. प्लाक दिसत नाही तोवर कुणाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. दिसला की सांगावं लागत नाही.

आणि गोळी हातात देण्याआधी मी आजही प्रत्येकाला एकच विचारते, “आज घरी पाहुणे येणार आहेत का?” बऱ्याच जणांना वाटतं, डॉक्टरबाई जेवणाचं आमंत्रण शोधतायत.