सुरूच्या बनातला दिवा

आमच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण संध्याकाळी तिथे बसायचो, बोंबील सुकवणाऱ्या बायका घरी निघेपर्यंत. मग बनात दारू प्यायला माणसं यायला लागली, एकदा मारामारीत बाटल्या फुटल्या आणि आमचं बसणं सुटलं.

त्यावर ग्रामसभा झाली आणि कधी नव्हे ते पोरींनाही विचारलं. मैत्रिणीने देवळापुढच्या फरशीवर रांगोळीने अख्खं गाव काढलं आणि जिथे भीती वाटते तिथे लाल रंग भरला. बन सगळं लाल झालं. "इथे दिवा लावा आणि पिणाऱ्यांना उठवा," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

दिवा लागला. पुढे ती लग्न होऊन वाणगावला गेली. मग पंचायतीने बनाला कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. मी विचारायला गेले, तर सरपंच म्हणाले, "आता आत कोण जातच नाय पोरी, मग भ्यायचं काय हाय?" माझं डोकंच फिरलं. आम्हाला भीती कुठे वाटते ते विचारलं, बसायचं कुठे असतं ते कोणी विचारलं नाही.

बोईसरहून कामावरून येताना मी कुंपणापाशी थांबते. दिव्याखाली वाळू स्वच्छ दिसते, एक पाऊल नसतं.

मैत्रिणीचा फोन येतो. "दिवा लागतो ना गं?"

"लागतो."

"मग माहेरी आले की बसू तिथे."

मी दर वेळी हो म्हणते.