निरोपाच्या साडीतला फोटो

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

आज आमच्या जानेफळात बारावीचा निरोप समारंभ होता. नात पल्लवी माझी निळी साडी नेसून गेली. तिची पहिलीच साडी. परत आली ती खुशीत. नर्सिंगला नागपूरला जायचं म्हणत होती.

सुनेनं तिला अंगणात भिंतीशी उभं केलं. "पदर नीट घे. पायापासून डोक्यापर्यंत एकटीचा फोटो पाह्यजे. मामानं मागतला."

"काऊन?"

"एका ठिकाणी दाखवाचा हाये."

पोरीचं तोंड उतरलं. मला माझं माहेर मोताळा आठवलं. साठच्या दशकात मी तिथं मॅट्रिकला होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. निरोपाला आईची साडी नेसले, वर्गाचा फोटो काढला. मला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. वडिलांनी तोच फोटो जानेफळला पाठवला. निकाल लागला तेव्हा मी सासरी पेरणीत होते.

"आजी, तू सांग ना आईले," पल्लवी म्हणाली.

मी म्हटलं, "पोरीले शिकू दे व."

सून शांतपणे म्हणाली, "आई, तुमचं बी असंच झालं ना? मंग काय वाईट झालं तुमचं?"

भरलं घर, नातवंडं, तिला तेच दिसतं. तुम्ही काय सांगितलं असतं?

तोवर फोटो मोबाईलवरून गेलासुद्धा. आमच्या वेळी निदान टपालाला आठ दिवस लागायचे.