पिंपळफाट्याची गाठ

डेपोच्या विश्रांतीखोलीत दुपारचा पंखा घरघरतो आहे. ड्रायव्हर हिंदुराव खुटाळे बाकावर आडवे झाले आहेत, टॉवेल अंगावर टाकून. थोड्या वेळात घाटातली एसटी काढायची आहे. अपघातानंतरची पहिलीच. उतारावर ब्रेक गेलेला ट्रक मागून आदळला आणि मागच्या बाकांशी तिकिटं देणारे कंडक्टर गजाबा गुरव जागीच गेले. हिंदुरावांना खरचटलंही नाही. तेव्हापासून ते वर्कशॉपात टायर लोटतात. आज ब्रेकवरचा पाय उचलला नाही, तर स्टिअरिंग कायमचं सुटणार.

पंख्याची घरघर इंजिनाची होते. गाडी घाटातल्या त्याच अपघाताच्या वळणावर उभी आहे आणि शेजारी गजाबा बसलेत, गळ्यात तांबडा पंचा. कुणी म्हातारं माणूस 'मास्तर, फाटा आला की सांगा हं' म्हणालं, की गजाबा डाव्या हाताने त्या पंच्याला पिळाची गाठ मारत. माणूस उतरला की गाठ सोडत. सगळा डेपो हसायचा, पण उभ्या नोकरीत त्यांची एकही म्हातारी पुढच्या गावी गेली नाही.

"नाना, भाकरी काढा. वहिनींनी ठेचा दिला असंल," गजाबा म्हणतात.

दोघं इंजिनाच्या गरम झाकणावर भाकरी शेकतात. खिडकीबाहेर आता वळण नाही, मुक्कामाच्या गावाचं देऊळ आहे आणि पारावर दोघांची अंथरुणं. गजाबा बोकडाचं अर्धं तिकीट मागणाऱ्या पाहुण्याची तीच जुनी गोष्ट सांगतात. हिंदुराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात. किती दिवसांनी! सख्ख्या भावाहून जवळचा माणूस, आणि भांडायचाही भावाहून जास्त.

"गाडी कवा हलवताय?"

पुन्हा तेच वळण.

"पाय उचलत न्हाई, मास्तर. मागनं कायतरी येतंय असं वाटतं."

"मागचं बघायला मी हाय की! पर मला घाटाखाली पिंपळफाट्याला उतरायचंय. तुमी हितंच थांबलाय, म्हून मी बी हितंच. जन्मभर घाटात बसू व्हय?"

"आता कुठला जन्म, मास्तर?"

"तेच म्हनतोय न्हवं!"

गजाबा हिंदुरावांच्या गळ्यातल्या टॉवेलाचं टोक ओढतात आणि डाव्या हाताने गाठ मारतात. "ही माझी. ध्यान ठेवा." मग उठून मागे जातात. दोरी ओढल्याचा आवाज येतो. टण, टण.

हिंदुराव डोळे उघडतात. पंखा घरघरतोच आहे. दारात नवी कंडक्टर सुवर्णा उभी आहे.

"नाना, चला, माणसं बसल्यात. आन् टॉवेलाला ही गाठ कशाची? सोडू का?"

ते टोक हातात घेऊन बघतात. घट्ट, पिळाची, डावखुरी गाठ. मग टॉवेल तसाच गाठीसकट गळ्यात टाकतात आणि गाडीकडे निघतात.

"ऱ्हाऊ दे, पोरी. ती पिंपळफाट्याला सोडायची हाय."